कडब्याचा नबीलाल

इसम नामे इमाम वल्द बादशहा, वय अजमासे छत्तीस, राहणार करवीर, नोकरी सरकारी पिलखान्यात चारेकरी. उंची मध्यम, वर्ण सावळा, बांधा सडपातळ. ओळखीच्या खुणा : उजव्या भुवईवर आडवा व्रण, पुढचा एक दात नाही, डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटे खाली. स्वभाव शांत. कोणावर हात उगारल्याची तक्रार नाही. फुरसतीचा वेळ : नाही.

सन १९०९च्या दसऱ्यानंतर पिलखान्यात, म्हणजे सरकारी हत्तींच्या तळावर, जी चौकशी झाली, तिच्या कागदांत हे वर्णन आहे. कारकुनाचं अक्षर चांगलं होतं आणि माहितीही खोटी नव्हती. फक्त ओळखीच्या खुणा लिहिताना त्या कोणी केल्या हे विचारायची पद्धत नव्हती. भुवईवरचा व्रण दरोग्याच्या वेताचा. दात माहूत नबीलालच्या अंकुशाच्या दांड्यानं गेला. खांदा उतरवला तो दिलावरनं. दिलावर म्हणजे हत्ती. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो माशी हाकलत होता.

पिलखान्यात मार वरून खाली येई, पाटाच्या पाण्यासारखा. वरचे अंमलदार दरोग्याला शब्दांनी सोलत, दरोगा तोच राग वेतानं नबीलालच्या पाठीवर उतरवी, आणि नबीलाल अंकुशाचा दांडा घेऊन इमामला शोधत येई. इमामच्या खाली कोणी नव्हतं. घरी बायको होती, पण मलिकेच्या अंगात त्याच्यापेक्षा जोर होता आणि तिच्या हातात बहुतेक वेळा उलथनं असे. हत्तीला मारावं तर हत्ती सरकारचा. तेव्हा सगळं पाणी इमामपाशी येऊन तुंबायचं.

आणि काम तर असं की रागवायलाही सवड नाही. दरोग्यानं प्रत्येकाच्या कामाचा तक्ता करून भिंतीला लावला होता आणि त्यात इमामचा रकाना पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत गच्च भरलेला होता. शेण काढणे. पंचगंगेवर हत्ती धुणे. मळ्यांतून ऊस आणि वडाच्या फांद्या तोडून आणणे. अठरा शेरांचे रोट भाजणे. पुन्हा शेण काढणे. दरोग्याला या तक्त्याचा अभिमान होता. त्यात सुई शिरणार नाही, असं तो पाहुण्यांना सांगे.

एकच काम तक्त्यात नव्हतं, कारण ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. साठमारीच्या खेळाला चार बाहुले लागत.

साठमारी म्हणजे मस्तीवर आलेल्या हत्तीला दगडी तटाच्या गोल मैदानात सोडायचं आणि माणसांनी त्याला डिवचायचं. मैदानात मध्ये मध्ये बुटके बुरूज असत. त्यांची दारं इतकी अरुंद की माणूस आत शिरावा आणि हत्तीची नुसती सोंड शिरावी. साठमार भाला आणि रंगीत फडकं घेऊन हत्तीपुढं नाचे आणि हत्ती अंगावर आला की बुरुजात घुसे. बुरूज लांब राहिला तर वाटेत बाहुला उभा असे. साठमार त्याच्यामागं दडला की हत्ती आधी बाहुल्यावर तुटून पडे, त्याला आपटी, तुडवी, आणि तेवढ्या दहा-बारा श्वासांत साठमार बुरूज गाठी. दिलावरपुढं खेळणारा साठमार केरबा. तालमीतला माणूस, बोलणं मोजकं. त्यानं इमामला पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

“बाहुला काळा कर न्हायतर गोरा कर. पर हत्तीला त्येचा राग आला पायजे. माझा जीव त्येच्यावर हाय.”

इमामनं मान डोलावली. पूर्वी कडब्याची पेंढी बांबूला बांधून वर मडकं उपडं घातलं की बाहुला झाला, असा रिवाज होता. इमामनंही पहिली दोन वर्षं तसंच केलं. मग एका सकाळी चारा उशिरा आला म्हणून दरोग्यानं त्याची भुवई फोडली. डोळ्यांत रक्त उतरत असतानाच इमाम दुपारच्या खेळाचा बाहुला बांधायला बसला. मडकं हातात घेतलं, चुलीतली काजळी बोटावर घेतली आणि मडक्याला दोन मिशा काढल्या. टोकं वर वळलेली, डावीकडची जरा जास्त. बस्स.

दिलावरनं तो बाहुला दातांवर घेतला, तटावर आपटला आणि मडक्यावर पाय ठेवला. तटावर बसलेल्या तीन-चार हजार माणसांनी त्या मिशा ओळखल्या आणि असा काही गलका केला की दरोग्यालाही हसावं लागलं. मिशा कुणाच्या हे त्यालाच तेवढं समजलं नव्हतं. इमाम त्या रात्री पाठीवर झोपला. एरवी पाठीवर झोपता येण्यासारखी त्याची पाठ नसे.

तेव्हापासून इमामला सवड मिळू लागली. म्हणजे मिळत नव्हतीच. तो ती चोरत होता. चाऱ्याचा भारा दिलावरवर लादून मळ्यातून परत येताना तो भाऱ्यावर बसे आणि वाटभर कडब्याची वेणी घाली. रोट भाजताना एका हातानं रोट फिरवी आणि दुसऱ्या हातानं चिंध्यांचं नाक वळी. नबीलाल जेवून आडवा झाला की पहिल्या घोरण्यापासून शेवटच्या घोरण्यापर्यंतचा वेळ इमामचा. पानाच्या चुन्यानं डोळे, गेरूनं ओठ, घोड्याच्या शेपटीची दाढी. एकदा त्यानं पेठ वडगावचा आपला सासरा केला. सासरा खेळ बघायला आलाच होता. आपलं पोट हत्तीच्या पायाखाली फुटताना पाहून म्हाताऱ्यानं सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या आणि असली माणसं तुडवायलाच पायजेत, असं शेजाऱ्याला सांगितलं.

लोक आता हत्तीपेक्षा बाहुले बघायला येत. या वेळी कोण, यावर पेठेत पैजा लागत. मलिकेला हे पसंत नव्हतं. घरात त्यांचं बोलणं दख्खनीत चाले, पण भांडायचं असलं की मलिका मराठीवर येई, शेजाऱ्यांना समजावं म्हणून.

“घराचं कवाड चार म्हैनं लोंबतंय. त्येला खिळा माराय तुमास्नी टाइम न्हाई. आन् बाव्हल्याच्या भुवया कोराय हाय?”

इमाम म्हणाला, कवाडाला भुवया न्हाईत. त्यावर उलथनं आलं. तरी तो समाधानी होता. त्याच्याकडे आलेला मार आता त्याच्याजवळ तुंबत नव्हता. तो कडब्यात जात होता, कडब्यातून हत्तीच्या पायाखाली, आणि तिथं संपत होता. सगळ्या पिलखान्यात मार संपण्याची तेवढी एकच जागा होती.

दिलावर हे बाहुले इतक्या आवडीनं का फोडतो, हेही इमामला ठाऊक होतं. हत्तीला दिसतं बेताचं. तो जग नाकानं ओळखतो. बाहुल्याला कडब्याचा वास असे आणि इमामच्या हाताचा. इमामच्या हाताचा वास दिलावरला चाऱ्याचाच वाटे. ज्या चिंध्या वापरायच्या त्या इमाम आधी पंचगंगेत खसाखसा धूत असे, म्हणजे दुसऱ्या कुणाचा वास राहायला नको. पिलखान्यातलं लहान पोरही ही गोष्ट जाणे. माहूत बदलला की नव्या माहुतानं जुन्याची बंडी न धुता पंधरा दिवस अंगात घालायची, तेव्हा कुठं हत्ती त्याला जवळ येऊ देई, असा तिथला नियमच होता. नबीलालनंही आपल्या आधीच्या माहुताची बंडी तशीच अंगात घातली होती आणि पंधरा दिवस कोणी त्याच्या शेजारी जेवायला बसलं नव्हतं.

१९०९च्या दसऱ्याला बाहेरचे बडे पाहुणे साठमारी बघायला येणार होते. त्याआधी पंधरवडाभर दरोग्याचा वेत खाली राहिला नाही, आणि त्या हिशेबानं नबीलालचा दांडाही. एके दिवशी रोट एका बाजूनं करपला. नबीलालनं इमामला चुलीपाशीच पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि दांड्याचं टोक त्याच्या तोंडात घातलं. दात तेव्हा गेला. इमाम तोंड धुऊन आला आणि उरलेले रोट त्यानं भाजले. मग त्यानं ठरवलं की या खेपेला नबीलाल करायचा.

आजवर त्यानं नबीलाल केला नव्हता, कारण तो त्याला पुरता येत नव्हता. मिशा काढून भागण्यासारखा तो माणूस नव्हता. त्याच्या चेहऱ्यात विशेष काही नव्हतं; सगळा नबीलाल त्याच्या बसण्यात होता. वीस वर्षं हत्तीच्या मानेवर बसून पाय धनुष्यासारखे वाकलेले, मान पुढं काढलेली, खांदे पोत्यासारखे. इमामनं ओल्या बांबूच्या कामट्या वाकवून पाय केले. अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत दोनदा चाऱ्याला उशीर झाला आणि दोनदा मार बसला, पण मार खाताना तो नबीलालच्या कोपराकडे बघत होता, कोपर कुठं वाकतं ते.

शेवटी बंडी राहिली. नबीलालनं दसऱ्यासाठी नवी बंडी शिवली होती आणि जुनी इमामकडं फेकली होती, हत्ती पुसायला. दहा वर्षांची बंडी. छातीवर पानाच्या पिंका, काखेत घामाचे पांढरे नकाशे, पाठीचा आकार कापडात मुरलेला. इमाम ती घेऊन नदीवर गेला. पाण्यात बुडवणार, तोच त्याच्या ध्यानात आलं की धुतली तर पिंका जातील आणि पाठही जाईल. उरेल ते नुसतं कापड. तो बराच वेळ गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मग बंडी तशीच कोरडी परत आणली.

यात त्याला कळलं नाही असं काही नव्हतं. पण बाहुला इतका हुबेहूब झाला होता की तो बिघडवायला त्याचा हात धजला नाही.

दसऱ्याच्या दुपारी वडाच्या फांद्यांखालून बाहुला निघाला आणि मधल्या बुरुजाच्या वाटेवर उभा राहिला. मग कुणीतरी नबीलालचं नाव घेतलं, आणि ते नाव तटावरून गोल फिरलं. खरा नबीलाल नवी बंडी घालून, मनगटाला अत्तर लावून, काटेरी चिमटेवाल्यांबरोबर दारापाशी उभा होता. हत्ती आवरेनासा झाला की त्याच्या मागच्या पायाला चिमटा घालायचा, हे त्या लोकांचं काम. नबीलालनं बाहुल्याकडं पाहिलं, मग इमामकडं. या नजरेची इमाम चार वर्षं वाट बघत होता. नबीलाल फक्त एवढं म्हणाला, “खेळ हू दे. मग बघतो तुला.”

दिलावर आत आला तो एका बुरुजाचा कोपरा पाडतच. त्याच्या कानशिलांवरून मद गळत होता आणि वर त्याला दारू पाजलेली. केरबानं फडकं नाचवलं, भाल्यानं सोंड टोचली, हत्ती वळला की बाजूला सरला. दोन बाहुल्यांचा त्यांनी मिळून फडशा पाडला. तिसऱ्या चढाईला केरबाचा पाय घसरला. बुरूज लांब होता. तो मधल्या बाहुल्यामागं गेला आणि सवयीनं श्वास मोजू लागला.

दिलावर धुरळा उडवत आला आणि बाहुल्यापुढं थांबला. सोंड पुढं आली. तिनं बंडी हुंगली, काख हुंगली, पिंका हुंगल्या. मग त्या मस्तीवर आलेल्या जनावरानं कान पाडले, पुढचा गुडघा टेकला आणि रोज पहाटे करी तसं आपल्या माहुताला सोंडेनं अलगद उचलून मानेवर घेतलं.

वाकवलेल्या कामट्या मानेवर बरोबर बसल्या. इतकं चांगलं काम इमामनं आयुष्यात केलं नव्हतं. तटावरचे लोक पोट धरून हसत होते. केरबाही उघड्या मैदानात उभा राहून बघत होता; त्यानं मोजलेले श्वास केव्हाच संपले होते.

मानेवर धनी बसला म्हटल्यावर दिलावरला हुरूप आला. त्यानं केरबाची मांडी सोंडेत धरली आणि त्याला बुरुजावर आपटलं. एकदा आपटल्यावर भाला पडला. दुसऱ्यांदा आपटल्यावर पाय गुडघ्याखाली उलटा झाला. हसणं थांबायला थोडा वेळ लागला, कारण मागच्यांना दिसत नव्हतं.

नबीलाल अंकुश घेऊन आत धावला. भित्रा तो कधीच नव्हता. तो दिलावरला बैठ म्हणाला, धत म्हणाला, आईवरून शिव्या दिल्या. आवाज ओळखीचा होता. हत्तीनं केरबाला सोडलं आणि सोंड नव्या माणसाकडं नेली. कोरं कापड आणि अत्तर. ओळखीचा माणूस तर वर बसला होता. दिलावरनं या उपऱ्याला कपाळानं तटापर्यंत ढकलत नेलं आणि तटाशीही ढकलणं थांबवलं नाही. इमाम दारापाशी उभा होता. त्याला बरगड्यांचा आवाज ऐकू आला. कडबा मोडतो तसाच तो असतो. फक्त जरा ओला.

चिमटा पायात बसला, साखळदंड पडले. कडब्याचा नबीलाल संध्याकाळपर्यंत हत्तीच्या मानेवर बसून होता, कारण त्याला उतरवायला जवळ जायची कुणाची छाती नव्हती. शेवटी इमाम ऊस घेऊन गेला. बाहुला त्यानं एकट्यानं खांद्यावर आणला. खऱ्याला न्यायला चौघं लागले.

केरबाचा पाय इस्पितळात कापला. इमाम त्याला भेटायला गेला. केरबाच बोलला.

“मानूस झ्याक जमलाता,” तो म्हणाला. “वास काढायचा ऱ्हायला.”

मग त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. चौकशीत मात्र हत्ती मस्तीवर होता एवढंच त्यानं सांगितलं. बंडीबद्दल तो बोलला नाही. का, ते इमामनं विचारलं नाही.

चौकशीत एकच प्रश्न अडचणीचा होता : मयत माहुताचा हुबेहूब बाहुला कोणी केला? सगळ्या कोल्हापूरला ठाऊक होतं. इमाम रात्रंदिवस तुरुंगाचं दार डोळ्यांपुढं ठेवून होता. मलिकेनं त्याच्यासाठी दोन भाकरी फडक्यात बांधून तयार ठेवल्या होत्या. पण अंमलदारांनी भिंतीवरचा तक्ता मागवला. तक्त्याप्रमाणे इमामला पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत क्षणाची फुरसत नव्हती. असा बाहुला करायला अकरा दिवस लागतील, असं एका कुंभारानं सांगितलं. आता इमामनं तो केला म्हणावं, तर दरोग्याचा तक्ता खोटा. दरोगा छातीवर हात ठेवून म्हणाला की त्या तक्त्यात सुई शिरत नाही. निकाल झाला : सदर इसमास फुरसत नसल्याने बाहुला त्याने केला असणे संभवत नाही. बाहुला कोणी केला हे समजून येत नाही. यापुढे बाहुल्यांस नाक, डोळे, मिशी वगैरे काढू नये.

इमाम सुटला. घरी येऊन त्यानं त्या दोन भाकरी खाल्ल्या. आपण केलेलं सर्वांत चांगलं काम आपण केलंच नाही, हे सरकारात शाबीत झालं होतं, आणि याचं वाईट वाटतंय हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दिलावर दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईना. तेव्हा माहुताची जागा इमामला मिळाली. नियमाप्रमाणे जुन्या माहुताची बंडी बाहुल्याच्या अंगावरून काढून त्याच्या अंगात घातली गेली. ती पंधरा दिवस त्यानं वागवली. शिवणीत अडकलेली कडब्याची कुसळं पाठीला टोचत. सोळाव्या दिवशी बंडी काढली, तरी मलिका म्हणे की वास गेलेला नाही. अंकुशही तोच मिळाला.

चारेकरी म्हणून गुंडू नावाचा कुरुंदवाडकडचा माणूस आला. पन्नाशीचा, जातीचा कुंभार, अबोल. पुरात त्याची भट्टी वाहून गेली होती. दरोग्यानं तक्ता नवा केला आणि चौकशीतून शहाणा होऊन बाहुल्यांचं काम या वेळी त्यात घातलं : चारेकऱ्यानं, पेंढी आणि मडकं, बिनचेहऱ्याचं.

पहिला महिनाभर इमामनं गुंडूला हात लावला नाही. मग दरोग्यानं एकदा इमामच्या पाठीवर वेताच्या चार पट्ट्या काढल्या, आणि त्याच दुपारी गुंडूनं आणलेला चारा वाळका निघाला. दांडा हातात होताच. पहिला तडाखा बसल्यावर इमामला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, किती सोपं असतं ते. अकरा दिवस लागत नाहीत. कामट्या वाकवाव्या लागत नाहीत, काजळी लागत नाही, आणि दहा श्वासांत मोकळं वाटतं. पुढं पुढं तर कारणही लागेना.

उन्हाळ्यात एके दिवशी मलिका म्हणाली की हल्ली चुलीतली काजळी कुणी नेत नाही. ती भांडत नव्हती, तरी मराठीत बोलली.

“बाव्हलं करत न्हाईसा आता?”

“टाइम कुठं हाय,” इमाम म्हणाला. माहुताची जोखीम, हत्तीची मस्ती, दरोग्याची बोलणी, सगळं त्यानं सांगितलं.

मलिकेनं ऐकून घेतलं. “गुंडूला माराय हाय की,” ती म्हणाली, आणि भाकरी उलटली. कवाडाला खिळा तिनं स्वतःच मारला होता.

१९१०च्या दसऱ्याला पुन्हा पाहुणे आले. खेळापूर्वी दरोग्यानं स्वतः मैदानात फिरून चारी बाहुले तपासले आणि कागदावर शेरा लिहिला : नाक, डोळे, मिशी, व्रण वगैरे काही नाही, हुकुमाप्रमाणे. इमाम त्या वेळी चिमटेवाल्यांबरोबर दारापाशी उभा होता. त्यानंही ते बाहुले पाहिले.

मधल्या बाहुल्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता.